डावा कान रुसला तेव्हा

आमच्या नवघरच्या सोसायटीत माझ्याएवढा तिखट कान कुणाचा नाही. वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली की कुणाकडे काय शिजतंय, ते मी खालच्या बाकावरून सांगायचो. फक्त माझा स्वतःचा डावा कान एका सकाळी बंद पडला, ते मात्र मला दुपारपर्यंत कळलं नाही! तेव्हापासून त्या कानाचे किस्से एवढे साठलेत की कानात मावेनात.

कळलं ते मोबाईलमुळे. मी फोन कायम डावीकडे लावतो. आमच्या बाकावरच्या सुर्व्यांचा आवाज येईना, म्हणून मी त्यांना चार शिव्या घातल्या आणि थेट शांती नगरच्या रिपेअरवाल्याकडे गेलो. त्याने फोन आधी स्वतःच्या कानाला लावला, मग माझ्या उजव्या, मग डाव्या कानाला. माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "चाचा, मोबाईल तो फर्स्टक्लास है. आपका काम इधर नहीं होगा."

तरी मी म्हटलं, मळ असेल. शेजारच्या जयेशभाईने लसणीचं कोमट तेल आणलं, सुर्व्यांनी वाफ सुचवली, असा आठवडा गेला. मग कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आत दिवा घालून विचारलं, "काका, फोडणी कुणी दिली?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. कान अचानक गेला की त्याच दिवशी धावत यायचं असतं म्हणाल्या, हे मळाचं नाही, आतल्या नसेचं आहे. गोळ्या देते, कानात इंजेक्शन देते. "पण ऐकू पूर्ण येईल, अर्धं येईल की नाहीच येणार, ते आज नाही सांगू शकत."

सोबत आलेल्या आमच्या हिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, ते घरी येईपर्यंत सोडलं नाही.

इंजेक्शनच्या दिवशी धीर द्यायला जयेशभाई आला. सुई पडद्यातून आत जाते हे ऐकूनच त्याला घाम फुटला. मी इंजेक्शन घेऊन उठलो, तर त्याच खाटेवर त्याला झोपवावं लागलं. नर्स आली आणि मला विचारते, "पेशंटच्या घरचे तुम्हीच का?"

बाकावर माझ्या डावीकडची जागा मी सुर्व्यांना देऊन टाकली. त्यांचं बीपीपुराण फार लांबतं हो! मी आपला मान हलवत बसायचो. एक दिवस बघतो तर सुर्वे डोळे पुसतायत. मला लाज वाटली, म्हटलं, उजवीकडे या. तर म्हणाले, "राहू दे दत्ताराम. या बाजूला मोकळं बोलता येतं."

आता घरची गोष्ट. डॉक्टरीणबाईंनी हिला काम दिलं होतं. रोज यांचा उजवा कान बंद करायचा, मागे उभं राहून डावीकडून हळू नावाने हाक मारायची, वळतात का बघायचं. हिने विचारलं, 'अहो' म्हटलं तर चालेल का? त्या म्हणाल्या, नाव घ्या, आपलं नाव माणसाला लवकर कळतं. ही रत्नागिरीची. लग्नापासून माझं नाव घेतलं ते उखाण्यात, तेही लोकांनी दार अडवल्यावर.

संध्याकाळी दार लावून आमची परीक्षा चालायची. मी खिडकीकडे तोंड करून, उजव्या कानात बोट घालून बसायचो. काही नाही. ही पुढे येऊन मान हलवायची आणि चहा टाकायला जायची.

मग एका संध्याकाळी, विहिरीच्या तळातून यावं तसं, अगदी बारीक ऐकू आलं. "दत्ताराम."

मी वळलो नाही. एवढ्या वर्षांनी मिळालं होतं, म्हटलं उद्या पुन्हा मिळेल. दुसऱ्या दिवशीही मिळालं. तिसऱ्या दिवशी 'दत्ता'पर्यंत आली आणि तिला रडू फुटलं. मी झटकन वळलो.

"येतंय गं ऐकू. परवापासून येतंय."

तिने आधी डोळ्यांना पदर लावला, मग माझ्या पाठीत एक जोरदार धपका घातला. मी म्हटलं, "अजून एकदा म्हण की."

ती गॅस पेटवायला वळली.

"आता ऐकू येतंय ना? मग नाव कशाला घेऊ?"