‘नातं’ या रकान्यात अक्का

मी पदवीधर झालो तो अक्कामुळं. अक्का म्हणजे माझी आत्या. वडील तिला अक्का म्हणायचे, म्हणून मीही. आई-वडील लवकर गेले. पुढं कर्नाटकातल्या हुमनाबादच्या ढाब्यांना कडक भाकऱ्या पुरवून तिनं मला बी.कॉम.पर्यंत नेलं.

पहिली नोकरी तिथल्याच एका कारखान्यात लागली. पीएफच्या फॉर्मवर वारसदार म्हणून तिचं नाव, वय घातलं आणि ‘नातं’ या रकान्यात बेधडक लिहिलं, अक्का. चार वर्षांनी आळंदला सरकारी कारकून झालो. जुना पीएफ सरकारी पेन्शनच्या खात्यात वर्ग करता येतो असं कळलं आणि मी अर्ज दिला. हेडक्लार्कनी कारखान्याचा कागद पाहिला. कानडीत अक्का म्हणजे थोरली बहीण.

“बहीण तुमच्यापेक्षा तेहतीस वर्षांनी मोठी?” ते म्हणाले. “तुमच्या आईनं मधी लई मोठी रजा घेतली की हो!”

अख्खी कचेरी हसली. नातं दुरुस्त करायला अक्काचं आधार कार्ड हवं होतं, नाहीतर दुसऱ्या कुणाचं नाव. दुसरं कोण होतं मला? फोन लावला.

“बहीण तर बहीण, तेवढीच मी तरणी झाले,” ती खुशीत म्हणाली. “पर वारसदार म्हंजी काय रं?”

“मला काही झालं तर पैसे तुला मिळतेत.”

ती एकदम उखडली, “मुडद्या! तू मरायचास आन् मी पैसे घ्यायचे व्हय? कामून असलं लिहायलास? न्हाई देत आधार, जा!”

तिनं फोन कट केला आणि नंतर तीन दिवस उचलला नाही. पत्र मधेच कट करता येत नाही, म्हणून लिहिलं:

ती. अक्कास सा. न.

मी मरायचं काही ठरवलेलं नाही. साठीला मला पेन्शन सुरू होईल, तेव्हा तू त्र्याण्णवची असशील. दोघं मिळून खाऊ. तोवर दात सांभाळ. मला तर तो रकाना एवढंच विचारतो, तुझं माणूस कोण? तिथं दुसरं नाव लिहायला माझा हात चालत नाही. उद्या लग्न झालं तर बायकोचं घालीन, पण तुझ्या खाली. आधारची झेरॉक्स आळंदच्या बसच्या कंडक्टरकडं दे. भाकऱ्याही दे, पण कागद वेगळा ठेव. मागच्या वेळी चटणीचं तेल सगळ्या पिशवीला लागलं होतं.