डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला आधार

माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, फौजेतून सुभेदार होऊन मदन महल मोहल्ल्यातल्या घरी परतला आणि मागच्या खोलीत शिरला तो शिरलाच. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली. दीड महिना त्यानं उंबरठा ओलांडला नव्हता. वहिनी पार खचली होती.

पुण्याहून नव्यानं आलेल्या डॉक्टरीणबाई घरी येऊन त्याला तपासून गेल्या. जाताना शुद्ध मराठीत म्हणाल्या, "गोळ्या चालू ठेवा, पण यांना आधार द्या. तो जास्त महत्त्वाचा."

आमची मराठी जन्मापासून हिंदीच्या गर्दीत वाढलेली. मी लगेच कपाटातून दादाचं आधार कार्ड काढलं आणि त्याच्या उशाशी ठेवलं. वर तीन झेरॉक्स.

आठवडाभर काही फरक नाही.

"भाऊजी, फोटो जुना आहे न, म्हणून असेल," वहिनी म्हणाली. मला पटलं! हे विशेष.

"दादा, डॉक्टरचा ऑर्डर आहे," मी म्हणालो. ऑर्डर म्हटल्यावर तो उठला. माझ्या शर्टाचं टोक मुठीत धरून गोहलपूरच्या आधार केंद्रात नव्या फोटोसाठी रांगेत उभा राहिला. तेवढ्यात शेजारच्या कारखान्यात पत्र्याची पेटी पडली. धाडकन! दादा टेबलाखाली. काय करावं सुचेना, म्हणून मीही टेबलाखाली.

वरून ऑपरेटरनं वाकून विचारलं, "भैया, दोनों का अपडेट है क्या?"

दादा मला म्हणाला, "तू काहून आला बे खाली?"

"तू आला म्हणून."

त्यानं परत माझ्या शर्टाचं टोक धरलं. "तिकडं बॉर्डरवर माझ्या बाजूचा पोरगा खाली नव्हता आला," एवढंच बोलला. मी त्याचा हात धरला. रांगेतल्या एका काकूंनी पाण्याची बाटली आत सरकवली. कुणीतरी दरडावलं, "फौजी भाई का नंबर कोई नहीं लेगा!"

नव्या फोटोत दादाच्या मिशीला टेबलाखालचं कोळ्याचं जाळं आहे.

संध्याकाळी मी बाईंना फोनवर ऐटीत सांगितलं, "मॅडम, आधार अपडेट झाला." त्यांनी दोनदा विचारून खात्री केली, मग मला आधार या शब्दाचा अर्थ समजावला.

"पण ते बाहेर पडले?" त्यांनी विचारलं.

"चार तास होते, मॅडम."

"मग उद्या परत न्या."

"काम तर झालं न!"

"दुसरं काढा."

सकाळी सातला मी अजून दात घासून राहिलो होतो. दादा बूट घालून माझ्या दारात उभा.

"चल बे," तो म्हणाला. "आज कोणती लाईन?"