मोसंबीच्या बागेचे पाणी

ठाऊक नसताना मी सल्ला दिला, हे वर्षानुवर्षे लपवले. मोसंबी सोलताना आजही हात थबकतो. हैदराबादच्या पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या एका उन्हाळ्यात, टेंभुर्णीजवळच्या मित्राच्या बागेत खोडांतून डिंक गळू लागला होता. “झाडं तहानून राह्यली, मास्तर. मोटेचं पाणी वाढवू का?” त्याच्या वडिलांनी विचारले. “पोरं हाकणाऱ्याला काय कळतंय झाडाचं?” मित्र हसला. तो टोमणा झोंबल्याने मी म्हणालो, “बिलकुल वाढवा, काका.” खोडांशी पाणी साचले, मुळे कुजली आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सारी बाग सरपण झाली. मी रोज बांधापर्यंत जाई आणि तिथूनच परत येई. परवा जालन्यात मित्र भेटला, तेव्हा म्हणालो, “तुझं खरं होतं रे. मला झाडातलं काहीच कळत नव्हतं. माफ कर.”