मास्तरांचा तांबडा तारा

शेजारचे मास्तर गच्चीवरच्या दुर्बिणीतून दोन वर्षं एकाच तांबड्या ताऱ्यावर नजर ठेवून आहेत. असले थंड तारे म्हणे अचानक भडकतात. "पण नुसत्या डोळ्यांवर विसंबायचं नाही, वहिनी. क्ष-किरणांत, रेडिओत, उष्णतेतही तेच दिसलं, तरच खरं."

बांगडासुद्धा ते बघून, दाबून, हुंगून घेतात. मिरकरवाड्यातली मासेवाली वैतागते, "मास्तर, बांगडा घेताय की पोरगी बघताय?"

परवा आठच्या सुमाराला मास्तर धापा टाकत आमच्या दारात उभे. "तारा भडकला! फक्त एक सांगा, आत्ता गच्चीवर टॉर्च लावला होता का तुम्ही? दुर्बिणीला तोही भडक्यासारखाच दिसतो."

लावला होता. वाळत घातलेली आमसुलं गोळा करून नुकतीच खाली आले होते. पण दोन वर्षांनी उजळलेला तो चेहरा बघून खरं सांगायला जीभ रेटेना.

"छे हो, मी कशाला लावू?"

मास्तरांनी माझ्या हातातला बंद टॉर्च हळूच काढून घेतला आणि काच गालाला लावली. मग खिशातली वही काढून ताज्या नोंदीवर काट मारली.

"डोळ्यांना विझलेला दिसतोय, वहिनी. पण उष्णतेत काही वेगळंच दिसतंय."