उभ्या उभ्या तापणारी मोटर

माझी शाळा लवकर सुटली. शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या, शब्दही साधेच आहेत. शहापूरला गणूदादांच्या रिपेरिंगच्या दुकानात मी काम करतो. तिथं जळके रेझिस्टर फेकायला कुणाचा हात होत नाही, डब्यात साठत जातात. किस्स्यांचंही तसंच. आजचे सगळे मुरबाडकडच्या मंदाताईंच्या मशीनचे.

मंदाताई पडवीत प्लास्टिकच्या पिशव्या कापायचं मशीन चालवायच्या. त्यातला रोल ओढते ती स्टेपर मोटर. सांगितली तेवढीच पावलं टाकते आणि थांबते. तांदळाच्या मिलनं त्यांचा एक लॉट परत पाठवला होता. पिशव्या लहानमोठ्या! पुन्हा तसं झालं तर काम आटगावच्या मशीनला जाणार होतं.

*

झालं होतं असं, की मोटरला करंट सोडणाऱ्या कार्डावरचा सेन्स रेझिस्टर जळाला. तिथल्या बाळू वायरमननं त्या जागी तांब्याची तार जोडली, फ्यूजला बांधतात तशी. मशीन चालू केलं आणि कार्डातून धूर निघाला. कार्ड घेऊन बाळू दुकानात आला तो रुसूनच.

"दादा, तार तर चांगली जाड लावली व्हती!"

*

गणूदादा कुणाला हसत नाहीत. त्यांनी बाळूला चहा दिला आणि समजावलं. भातसा धरणाच्या कालव्यात पाणी मोजायची पट्टी असते. पाणी खुणेपर्यंत आलं की दरवाजा खाली करतात. हा रेझिस्टर म्हणजे कार्डाची पट्टी. ती काढून नुसती तार लावली, तर कार्डाला कालवा कोरडाच दिसतो आणि ते करंट सोडत बसतं.

बाळूनं चहा संपेपर्यंत विचार केला.

"म्हंजे बारीक तार लावायला पायजे व्हती."

*

अर्ध्या ओहमचा रेझिस्टर शहापुरात मिळेना. दादांनी एकेक ओहमचे दोन शेजारी शेजारी जोडले, म्हणजे मिळून अर्धा. मी कार्ड बसवायला गेलो तेव्हा मंदाताईंनी वाकून पाहिलं.

"एकाला झेपत नाय म्हणून जोडी लावली व्हय रे?"

मी हो म्हणून कार्ड बसवलं. परत येताना एसटीत लक्षात आलं, तेही खरंच होतं. ताप दोघांत वाटला जातो.

*

थोड्याच दिवसांत निरोप आला. मिलचा माणूस दुपारी यायचा होता आणि पिशव्या पुन्हा आखूड! जाऊन पाहतो तर मोटरवर ओलं फडकं. मोटर फार तापते म्हणून मंदाताईंनी आधी फडकं टाकलं, मग बाळूकडून करंटचा स्क्रू कमी करून घेतला होता. मोटर गार झाली, पण रोल ओढायची ताकद गेली. मी फडकं काढलं. मोटरवर लिहिलेला करंट पाहिला आणि मीटर लावून स्क्रू जागेवर आणला.

"पण काम नाय तवापन उभ्या उभ्या तापती कशापायी?"

मोठ्या माणसांपुढं मला शब्द सापडत नाहीत. "ताई, ती थांबली तरी रोल धरून असते. धरायलाही करंट लागतो."

दुपारपर्यंत ताईंनी पिशव्या नव्यानं कापल्या. मिलच्या माणसानं त्यांची थप्पी जमिनीवर आपटली, कडेवरून अंगठा फिरवला. कड सरळ होती. त्यानं माल टेम्पोत भरायला सांगितला आणि पुढच्या कामाचा रोल उतरवला.

टेम्पो गेल्यावर मंदाताई भिंतीला टेकल्या. सकाळपासून मशीनपुढं उभ्याच होत्या. पोटऱ्या दाबत त्या मोटरकडं बघून तिलाच म्हणाल्या, "माझेपन पाय असेच तापतात गो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एसटीनं पुन्हा गेलो. मोटरचा ताप ओढून घ्यायला ॲल्युमिनियमचा पत्रा नेला होता आणि दुकानातलं माझं उंच स्टूल. मंदाताईंनी स्टूल उलटंसुलटं करून पाहिलं.

"हे मोटरला कुठं लावायचं रे?"

मी ते मशीनसमोर ठेवलं आणि पत्र्याला भोकं पाडायला बसलो.