कोऱ्या पंचनाम्यावर माझी सही

सही मी फार झोकात करतो. खाली दोन रेघा, पुढे बी.ए., बी.एड. त्या सकाळी शाळेत जाताना ठाण्यासमोर हवालदारानं हाक मारली, चहा पाजला आणि एक कागद पुढे केला. कागदावर एक अक्षर नव्हतं.

"पंचनामा हाये गुरुजी. कायद्याले दोन प्रतिष्ठित माणसं लागते. गावात तुमच्याबिगर हाये कोण?"

"पण हा तर कोरा आहे हो."

"लिहून घेतो न आमी. तुमच्या शाळेची घंटा होऊन राहिली."

प्रतिष्ठित म्हटल्यावर मी विरघळलो. डिग्रीसकट सही ठोकली आणि पहिल्याच तासाला नववीला नागरिकशास्त्र शिकवलं. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. हा धडा मी तेव्हा फार जोरात घेत असे. सत्ता एका हाती राहू नये म्हणून घटनेनं ती तीन ठिकाणी वाटली, एकानं दुसऱ्याला आवरायचं. फळ्यावर तीन वर्तुळं काढली. त्यात हवालदार कुठं बसतो, हे पोरांनी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

संध्याकाळी कळलं, तलावात मासे धरणाऱ्या ढिवराला पोलिसांनी धरून नेलं. घरात मोहाच्या दारूचा डबा सापडला म्हणे, दोन पंचांसमक्ष. खरं कारण गावाला ठाऊक होतं. दर बाजाराला हवालदाराच्या घरी फुकट मरळ मासळी जायची, ती ढिवरानं बंद केली होती. पोलिसांनी डबा आपणच आणून ठेवू नये म्हणून तर झडतीला गावातले दोघं उभे लागतात. त्या दोघांतला एक मी, आणि मी ते घर आतून कधी पाहिलंही नव्हतं.

खटल्याच्या दिवशी साकोलीच्या बसमध्ये हवालदार माझ्या शेजारी येऊन बसला. माझं तिकीट त्यानंच काढलं.

दुसरा पंच ठाण्यासमोरचा पानठेलेवाला. त्याच्या सह्या इतक्या पंचनाम्यांवर होत्या की त्याचं कोणी खरं धरत नव्हतं. सगळी भिस्त माझ्यावर. माझं नाव पुकारलं तसा पिंजऱ्यातला ढिवर उजळला. हात जोडून म्हणाला, "गुरुजीले पुसा साहेब. गुरुजी खोटं नाही बोलत."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "गुरुजी, डबा निघाला तेव्हा तुम्ही स्वतः तिथं होता? घाई नाही, आठवून सांगा."

याहून जास्त कुठलं कोर्ट काय करणार? दार सताड उघडून दिलं होतं. पण नाही म्हटलं तर कोरी सही बाहेर येणार, चौकशी लागणार, नोकरी जाणार. मागच्या बाकावर हवालदार खोकला.

"होतो," मी म्हणालो.

तीन महिन्यांची सजा झाली. ढिवरानं माझ्याकडे पाहिलं की नाही, सांगता येत नाही. मी माझ्या पायांचे अंगठे बघत होतो.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. सांगताना थोडी सारवासारव केलीच. म्हणालो, एका माणसाच्या हातात काय असतं, वर अपील आहे, घटनेनं सोय ठेवली आहे.

तिनं सुपातले तांदूळ खाली ठेवले. म्हणाली, "तुमी बसमध्ये बसले, अन् मी त्या ढिवराच्या घरी गेली. त्याची बायको म्हणे, बरं झालं गुरुजी गेले, आता सुटतीन. अन् वरच्या कोर्टाचं म्हणता, तं तिथं कागदच वाचतीन न? कागदावर तं तुमीच हाव."