चोवीस तास पाणी

माळ्यावरून एक डबा काढायला जावं आणि मागचे चार डोक्यावर पडावेत, तसं आमच्या गप्पांचं होतं. नाताळ झाला की आम्ही तिघं शाळासोबती वसईजवळच्या वटारला फिलूच्या ओट्यावर जमतो. फिलू म्हणजे फिलोमिना, तिची केळीची आणि भाजीची वाडी. संज्याचा बाप वालीवच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होता, तो आमच्या बिल्डिंगच्या मागच्या चाळीत राहायचा. आणि मी फ्लॅटमधली! लोकांच्या गप्पांत राजकारण असतं, मुलांची लग्नं असतात. आमच्या गप्पांत माझी लहानपणीची श्रीमंती असते. ते दोघं सांगतात, मी हसते. न हसून सांगते कुणाला, सगळं खरंच आहे.

*

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही गिरगावातली चाळीची खोली सोडून वसईत फ्लॅट घेतला. एक हॉल, एक बेडरूम, एक किचन. दारावर पितळी पाटी आणि चिमणीसारखी चिवचिवणारी बेल. दादरची नमूआत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, तेव्हा म्हणाली होती, "तिथे माणसं राहतात का रे?" हे वाक्य आईच्या काळजात रुतलं ते रुतलंच. त्या दिवसापासून आमच्या घरात कुठल्याही गोष्टीचं एकच कारण असायचं: "आपण फ्लॅटमधली माणसं."

आमचा सोफा आला तो प्लॅस्टिकच्या कव्हरात, आणि कव्हरातच राहिला. उन्हाळ्यात त्यावरून उठताना पाय सोलवटून निघायचे. मला वाटायचं, सोफा असाच असतो.

पहिल्यांदा फिलूच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या हॉलमध्ये दोन सोफे होते. नुसत्या कापडाचे, मऊ. मी घरी येऊन आईला हळूच सांगितलं, "बिचारी गरीब आहेत गं. सोफ्याला प्लॅस्टिक घ्यायलासुद्धा परवडत नाही त्यांना."

आईला इतकं वाईट वाटलं की तिने माझे जुने फ्रॉक काढायला घेतले.

*

त्यात फिलू पावसाळ्यात शाळेत यायची ती चपला हातात घेऊन. वाडीतून चिखल तुडवत यायचं तर चपला पायात कोण घालणार? आमच्या मते मात्र हा पुरावाच होता. आईने तीन फ्रॉक धुऊन, इस्त्री करून पिशवीत भरले. त्यात माझा झालरीचा गुलाबी फ्रॉकही होता, त्याच्यासाठी मी दोन दिवस रडले होते. दान करणाऱ्याने रडू नये असं आई म्हणाली.

फिलूच्या आईने पिशवी दोन्ही हातांनी घेतली, छान म्हटलं आणि परत पाठवताना एवढा मोठा केळ्यांचा घड दिला की रिक्षावाल्याला पाय ठेवायला जागा उरली नाही. आई वाटेत म्हणाली, "बघ, गरीब असली तरी मनाची श्रीमंत."

पुढच्या रविवारी मी वाडीत गेले. वांग्यांच्या वाफ्यात बुजगावणं उभं होतं. गुलाबी, झालरीचं.

"आई म्हणते, तुझ्या कपड्याला एक पाखरू येत नाही बघ," फिलू म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, कौतुक होतं. तीन पावसाळे काढले त्या फ्रॉकने.

*

मग आमच्याकडे फोन आला. डायलला छोटं कुलूप, किल्ली आईच्या मसाल्याच्या डब्यात. मागच्या चाळीतल्या सगळ्यांनी आमचाच नंबर देऊन ठेवला होता. आईला त्याचा त्रासही व्हायचा आणि अभिमानही. ती रिसीव्हर उचलून अगदी नाजूक आवाजात "होल्ड ऑन प्लीज" म्हणायची आणि तोच रिसीव्हर हातात ठेवून गॅलरीतून ओरडायची, "अहो संजूची आई, फोन!" पलीकडच्या माणसाच्या कानाचं काय होत असेल, देव जाणे.

एकदा संज्याच्या आईचा फोन यायचा होता, म्हणून तो आमच्याकडे येऊन उभा होता. मी त्याला ऐटीत कुलूप दाखवलं, म्हटलं आमचा फोन कुणाला वापरता येत नाही. त्याने कुलपाकडे बघितलं. मग रिसीव्हर उचलून तो जिथे ठेवतात ती बटणं टकटक, टकटक अशी मोजून दाबली, आणि थेट फिलूच्या घरी फोन लागला! कुलूप डायलला होतं, बटणांना नव्हतं.

"अरे, पण हे तुला कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात?" संज्या म्हणाला. "आमच्याकडे फोनच नाही, म्हणून नीट बघतो."

त्या वेळी मला अजून एक धक्का बसला होता, तो मी गिळला. फिलूच्या घरी फोन होता. आणि त्याला कुलूप नव्हतं.

*

आता पाण्याचं. आमच्या बिल्डिंगला सगळं होतं, पाणी नव्हतं. उन्हाळ्यात टँकर यायचा तर यायचा. पण नमूआत्याला आईने वास्तुशांतीलाच सांगून टाकलं होतं, "वन्सं, आमच्याकडे चोवीस तास पाणी." एकदा बोललेलं मागे कसं घेणार? मग दर उन्हाळ्यात बाबा दादरला निघाले की आई त्यांना आधी बजावून पाठवायची, पाण्याचा विषय निघाला तर क्रिकेटवर न्यायचा.

आणि आम्ही मायलेकी रिक्षाने वटारला. पाण्याला जातो असं आईने एकदाही म्हटलं नाही. "इकडूनच चाललो होतो, म्हटलं भेटावं." इकडून पुढे समुद्राशिवाय काही नाही. फिलूची आई ओट्यावर बसवायची, चहा व्हायचा, नानकटाई व्हायची, मुलींच्या अभ्यासाची चौकशी व्हायची. रिक्षात तीन रिकामे कॅन असायचे. त्यांच्याकडे कुणी बघायचं नाही. निघायच्या वेळी फिलूची आई अगदी आठवल्यासारखं म्हणायची, "आलाच आहात तर थोडं पाणी न्या ना ताई. विहीर नुसती भरून राहिलीय, उपसा नाही."

"बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर," आई म्हणायची.

शेवटपर्यंत दोघींनी हे असंच चालवलं. आम्ही त्यांच्या विहिरीवर उपकार करायचो.

*

आठवीत चिंचोटीच्या धबधब्यावर शाळेची सहल गेली. तेव्हा विकतच्या पाण्याची बाटली म्हणजे केवढं अप्रूप! मामाने कोकणातून येताना घेतलेली एक रिकामी बाटली आमच्या शोकेसमध्ये कपांशेजारी होती. मी ती भरून नेली आणि सगळ्या वर्गाला सांगितलं, मी साधं पाणी पीत नाही, मला बाधतं.

सगळ्यांनी एकेक घोट मागितला. संज्या घोट घेऊन डोळे मिटून म्हणाला, "च्यायला, पैशाची चवच वेगळी." बाटली फिरत फिरत फिलूकडे गेली. तिने तोंडाला लावली आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. आपल्या विहिरीचं पाणी कुणाला ओळखू येणार नाही?

"छान आहे," फिलू म्हणाली. "कुठल्या दुकानातलं?" आणि उरलेली सगळी बाटली पिऊन टाकली.

*

शेवटचा किस्सा मीच सांगते, तो मी दुसऱ्या कुणाला सांगू देत नाही.

दहावीच्या सुट्टीत, ऐन मे महिन्यात, नमूआत्या राहायला आली. न कळवता. बाबा ऑफिसला गेलेले. टँकर दोन दिवस फिरकला नव्हता, घरात एक पिंप आणि हंडा एवढंच पाणी. आईने सोफ्याचं प्लॅस्टिक काढलं, शोकेसमधले कप काढले, आणि चेहऱ्यावर हसू ठेवलं. आत्याने आल्या आल्या पाय धुतले. मग अंघोळ केली. मग उकडतंय म्हणून पुन्हा अंघोळ केली, म्हणाली, "तुमच्याकडे चोवीस तास आहे ना, मग कशाला काटकसर?" दुपारी तिने आपल्या दोन साड्या भिजवल्या.

आई किचनमध्ये पिंपात डोकावून उभी होती. इतक्या वर्षांचा संसार, इतक्या वर्षांचं ते एक वाक्य, आणि सगळं आता तळाला गेलं होतं. तिचे डोळे भरलेले मी पहिल्यांदाच बघितले. मला फार वाईट वाटलं.

किल्लीसाठी मी मसाल्याच्या डब्याकडे वळले नाही. बटणं टकटक दाबली. फिलूला कुजबुजत म्हटलं, "पाणी संपलंय. आत्या आलीय. तिला चोवीस तास सांगितलंय."

आत्या सोफ्यावर बसून वारा घेत होती तेव्हा बेल चिवचिवली. दारात फिलूची आई, दोन्ही हातांत भरलेले कॅन. मागे फिलू, तिच्या हातात तिसरा.

"कोण गं?" आत्याने विचारलं.

फिलूच्या आईने एकदा माझ्या आईकडे बघितलं, एकदा सोफ्याकडे, आणि कॅन उंबऱ्यात ठेवले.

"पाणी मागायला आले हो," ती आत्याला म्हणाली. "आमच्या वाडीत उन्हाळ्यात फार हाल. ताईंकडे चोवीस तास असतं, म्हणून दरवेळी यांनाच त्रास."

आईने तिच्याकडे क्षणभर बघितलं. मग पदर खोचला आणि भरलेले दोन कॅन रिकामे असावेत तसे उचलून आत नेले. मानेची शीर तटतटून फुगली होती, पण चाल अशी की जणू भाजीची पिशवी. तिसरा मी नेला, हात खांद्यातून निखळायचा बाकी होता. किचनमध्ये आम्ही ते पिंपात ओतले. "भरतंय हं!" आई आतून ओरडली.

मग रिकामे कॅन घेऊन आम्ही बाहेर आलो, कंबरेत वाकून. फिलूच्या आईने ते घेतले आणि दोन्ही खांदे एकदम खाली गेले. "उपकार झाले ताई," ती धापा टाकत म्हणाली. फिलू मागच्या मागे तोंडात ओढणी कोंबून उभी होती.

आत्या उठून गॅलरीत आली, खाली बघायला. त्यामुळे बिचारी फिलूची आई रिकामे कॅन घेऊन थेट खाली उभ्या त्यांच्या भाजीच्या टेम्पोपर्यंत वाकूनच गेली. मध्ये एकदा कॅन खाली ठेवून तिने कपाळाचा घामही पुसला.

"द्यावं गं गरिबाला," आत्या म्हणाली, "पण रोज नको. अशा माणसांना सवय लागते."

आईने चहा टाकला आणि शोकेसमधल्या कपात तिच्यापुढे ठेवला. आत्याने एक घोट घेतला, दुसरा घेतला.

"काही म्हण हो," ती म्हणाली, "तुमच्या फ्लॅटचं पाणी मात्र गोड आहे."